सामुराय जॅक: वाट सोडून थांबणाऱ्या माणसाची गोष्ट

पायवाट

'सामुराय जॅक' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर पाहिलं असेल. गेंडी टार्टाकोव्हस्की यांची ही मालिका अमेरिकेत १० ऑगस्ट २००१ ला सुरू झाली. २००४ पर्यंत चार पर्वांत ५२ भाग झाले आणि मग एकदम २०१७ मध्ये दहा भागांचं पाचवं पर्व आलं. अलीकडे मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहिली. तेव्हापासून तिच्या गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दल काही बोलायचं होतं, म्हणून हा धागा. (शेवट उघड होणार आहे. ज्यांना पाहायची आहे त्यांनी आधी पाहून या.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आकू नावाचा रूपं बदलणारा राक्षस आहे. एक राजपुत्र जादुई तलवार घेऊन त्याला जवळपास संपवतो, पण शेवटचा घाव बसायच्या आत आकू काळाचं दार उघडून त्याला दूरच्या भविष्यात भिरकावतो. तिथे सगळीकडे आकूचंच राज्य. आता राजपुत्राला परत भूतकाळात जायचंय, म्हणजे हे सगळं घडायच्या आधीच थांबवता येईल. रस्त्यावरची पोरं त्याला 'जॅक' म्हणतात, तेच नाव तो घेतो. खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

भटक्या तलवारबाजाच्या गोष्टीचे संकेत जपानी सिनेमाने फार आधी पक्के केले होते. अनोळखी माणूस चालत गावात येतो. गावावर कुणाचा तरी जुलूम असतो. तो लढतो, गाव सोडवतो, निघून जातो. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या १९६१ च्या 'योजिम्बो'त नायकाला नाव विचारतात, तर तो बाहेरच्या तुतीच्या शेताकडे बघून एक नाव बनवून सांगतो. जॅकचं उसनं नाव थेट त्याच घराण्यातलं.

फरक मात्र एक आहे आणि माझ्या मते सगळी मालिका त्यावर उभी आहे. रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराय. त्याला कुठे पोचायचं नसतं. या गावात थांबला काय आणि पुढच्या गावात थांबला काय, त्याचं काही जात नाही. जॅकला मात्र पोचायचं आहे. घर आहे, आईवडील आहेत, अर्धवट राहिलेलं काम आहे. त्यामुळे तो जिथे जिथे कुणासाठी थांबतो, तिथे त्याला किंमत मोजावी लागते. भागामागून भाग तेच: परतीचा रस्ता समोर दिसतो, तेवढ्यात कुणीतरी संकटात सापडतं, जॅक वळतो, रस्ता बंद होतो.

सुरुवातीचं संगीत वाजतं तेव्हाच आपल्याला माहीत असतं की आजही हा घरी जाणार नाही. म्हणजे 'जाईल का?' ही उत्कंठा बाद झाली. तिच्या जागी 'आज कुणासाठी सोडेल?' हा प्रश्न येतो. मला हा प्रश्न जास्त मोठा वाटतो. दर वेळी मूळपदावर येणाऱ्या मालिकांना आपण 'कथा पुढेच सरकत नाही' म्हणून नावं ठेवतो. इथे ते पुढे न सरकणं हीच कथा आहे.

आणखी एक. पहिल्या चार पर्वांत दर भागाच्या सुरुवातीला ही सगळी हकीकत कोण सांगतं? आकू. खलनायक स्वतःच्या आवाजात सांगतो की मी काय केलं आणि तो मूर्ख सामुराय आता काय करू पाहतोय. माको या अभिनेत्याचा तो खर्जातला, मिजासखोर आवाज. ज्या जगात जिंकणाऱ्याचंच राज्य आहे, तिथे गोष्ट सांगायचा हक्कही त्याचाच, हे एका मिनिटात प्रस्थापित होतं. तेराव्या भागात तर आकू मुलांना गोळा करून परीकथा सांगतो. प्रत्येक कथेत तो स्वतः देखणा नायक आणि जॅक दुष्ट. मुलं काही ऐकत नाहीत. तो गेल्यावर ती आपली आपण गोष्ट रचायला लागतात आणि तिच्यात जॅक जिंकतो. इतकं नेमकं राजकीय विधान लहान मुलांच्या कार्यक्रमात मी क्वचित पाहिलंय.

माझा आक्षेप पाचव्या पर्वाला आहे. त्याने पुढे न सरकण्याचा हा संकेत मोडला आणि मोडताना काय गमावतोय याचा विचार पुरेसा केला नाही, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

---

कुंचला

चांगला धागा. मी अ‍ॅनिमेशनमध्ये स्टोरीबोर्डचं (प्रसंग आधी चित्रांत आखून देण्याचं) काम करते, तर त्या बाजूने थोडं.

या मालिकेत माणसं आणि वस्तूंभोवती काळी रेघ नाही. त्या काळातलं टीव्हीवरचं जवळपास प्रत्येक कार्टून जाड रेघेत असायचं. इथे नुसते रंगाचे सपाट आकार आहेत. रेघ गेली की पात्र पार्श्वभूमीत मिसळतं, म्हणजे बर्फात पांढऱ्या कपड्यातला जॅक खरोखर हरवू शकतो. पार्श्वभूमीचे रंग स्कॉट विल्स यांचे. एखादी फ्रेम थांबवून बघा, नुसतं चित्र म्हणून भिंतीवर लावता येईल.

आणि शांतता. गोष्ट संवादांतून न लिहिता चित्रांतून रचलेली आहे हे बघताक्षणी कळतं. सातवा भाग घ्या, तीन आंधळ्या धनुर्धरांचा. एका बुरुजात इच्छा पुरवणारी विहीर आहे आणि हे तिघं तिची राखण करतात. सुरुवातीलाच एक अख्खं सैन्य चाल करून येतं आणि बाणांखाली संपतं. मग जॅक येतो, त्यालाही माघार घ्यावी लागते. त्याच्या लक्षात येतं की हे डोळ्यांनी बघत नाहीत, ऐकतात. तर तो काय करतो? डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि बर्फात बसतो. आधी सगळा नुसता गोंगाट. मग हळूहळू एकेक आवाज सुटा होत जातो आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्याला जग दिसायला लागतं. कुणी गुरू येऊन समजावत नाही, मनातलं बोलणं ऐकवत नाहीत. २२ मिनिटांच्या भागात एवढा वेळ नुसतं ऐकण्याला देणं हे फार धाडसाचं आहे. आमच्याकडे असा बोर्ड दिला की पहिली सूचना येते, 'इथे काहीतरी घडू दे'.

शेवटी कळतं की त्या तिघांनीही कधीतरी विहिरीकडे मागणं मागितलं होतं, सर्वश्रेष्ठ धनुर्धर व्हायचं. त्यातच ते अडकले. विहीर आता जॅकच्या समोर असते. घरी जायची इच्छा मागायची की नाही, एवढाच प्रश्न. तो घर मागत नाही, विहीरच संपवतो. पायवाट, तुमचा मुद्दा या एका भागात पूर्ण आलाय.

---

शेवंती

पायवाट, पहिल्या चार पर्वांबद्दलचं सगळं मान्य. पाचव्याबद्दल अजिबात नाही.

जुन्या भागांत जॅक ज्यांना कापतो ते बहुतेक यंत्रं असतात. टीव्हीवर मुलांच्या वेळेत रक्त दाखवायची सोय नव्हती, म्हणून तेल उडतं. तिसऱ्या भागातली यांत्रिक भुंग्यांशी लढाई आठवा. शेवटी जॅक डोक्यापासून पायापर्यंत काळ्या तेलाने माखलेला असतो. आपण ते रक्तासारखंच वाचतो, पण नैतिक भार शून्य. हाही संकेतच होता की नाही? शत्रू जिवंत नाही, म्हणून नायकाचे हात स्वच्छ.

२०१७ मध्ये त्याच संकेताकडे बोट दाखवलंय. आकूच्या मुली त्याच्यावर चाल करून येतात, चेहऱ्यावर मुखवटे. जॅक त्यांना यंत्रं समजून लढतो. एकीच्या गळ्यावर वार होतो आणि लाल रक्त येतं. त्याचा चेहरा पाहिलात? पन्नास वर्षं भटकलेला, दाढी वाढलेला, तलवार हरवलेला माणूस आणि त्याला पहिल्यांदा कळतं की समोर माणूस होता. पुढच्या भागाचा मोठा भाग त्या धक्क्यातच जातो. इतक्या वर्षांच्या मारामाऱ्यांचा हिशेब मालिकेने स्वतःच मागितला. तो मागायला सलग कथाच लागते. दर आठवड्याला पाटी कोरी करून हे करता आलं नसतं.

---

दूरचित्र

थोडी माहितीची भर. सुटे भाग ही त्या वेळची प्रसारणाची गरजही होती. मालिका पुन्हा पुन्हा, वाट्टेल त्या क्रमाने लागायची. मुलाने मधला भाग पाहिला नाही तरी पुढचा समजला पाहिजे, हा हिशेब. २०१७ चं पर्व अ‍ॅडल्ट स्विमवर रात्री लागलं, प्रौढ प्रेक्षकांसाठी. तोवर लोकांना सलग कथा पाहायची सवय झाली होती.

भागांचे आकडे रोमन आहेत. चौथं पर्व ५२ वर संपतं आणि पाचवं थेट ९२ वर सुरू होऊन १०१ वर संपतं. मधले भाग कधी बनलेच नाहीत. मधला काळ जॅकने आपल्या नजरेआड घालवला, हे नुसत्या आकड्यांतून सांगितलंय. मला ही युक्ती फार आवडली.

माको २००६ मध्ये गेले, त्यामुळे पाचव्या पर्वात आकूचा आवाज ग्रेग बाल्डविन यांचा. जॅकचा आवाज मात्र दोन्ही काळांत फिल लमार यांचाच.

---

माजघर

हे सगळं वाचताना मला सतत विक्रम-वेताळ आठवतोय. 'चांदोबा'त दर महिन्याला ती गोष्ट असायची आणि सुरुवात ठरलेली: हट्ट न सोडता विक्रम पुन्हा झाडापाशी गेला. आम्ही भावंडं ती ओळ पाठ म्हणायचो, तरी कधी कंटाळा आला नाही.

रचना बघा. विक्रमाला गप्प राहून प्रेत पोचवायचं आहे. वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकलं होणार. राजा न्यायी आहे, उत्तर त्याला माहीत असतं, म्हणून तो बोलतो आणि वेताळ परत झाडावर. म्हणजे राजा हरतो तो त्याच्या गुणामुळे. जॅकचं तेच. तो मूर्ख असता किंवा दुबळा असता तर गोष्ट वेगळी. चांगला आहे म्हणून घरी पोचत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हा साचा ओळखीचा आहे, त्यामुळे 'कथा पुढे का जात नाही' असा प्रश्न मला तरी कधी पडला नाही.

पण मग हेही आलंच, की ती साखळी शेवटी तुटते. शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो आणि प्रेत पोचतं. साखळी तुटली तर ती कशामुळे, यावर शेवटाची प्रत ठरते. जॅकच्या शेवटाबद्दल मी तेवढंच विचारेन.

---

पायवाट

माजघर, अगदी मोलाचं बोललात. हा साचा माझ्या मनात आला नव्हता.

शेवंती, रक्ताच्या प्रसंगाबद्दल तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पाचव्या पर्वाचे पहिले तीन भाग मलाही फार मोलाचे वाटतात. जखमी लांडगा आणि जखमी जॅक आलटून पालटून दाखवलेत, एक शब्द न बोलता. तिथे जुनी मालिका जिवंत आहे. माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

---

खारवडी

पन्नासाव्या भागाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? एक्स-नाइन नावाचा निवृत्त मारेकरी रोबो. त्याला भावना आहेत, एक लहानसं कुत्रं आहे, लुलू. आकू लुलूला पळवतो आणि सामुरायला मारून ये म्हणतो. सगळा भाग एक्स-नाइनच्या आवाजात, जुन्या गुन्हेगारी सिनेमांच्या ढंगात, मागे जॅझ. जॅक जवळजवळ दिसतच नाही. शेवटी येतो आणि कापून टाकतो. मरताना रोबो एवढंच म्हणतो की लुलूकडे बघ.

शेवंतीताई, 'यंत्र आहे म्हणून हात स्वच्छ' हा संकेत मालिकेने २००४ मध्येच उलटा करून दाखवला होता, एका सुट्या भागात, रक्ताचा थेंब न सांडता.

---

कुंचला

खारवडी, +१. आणि त्याच पर्वाच्या आसपासचा चाळिसावा भाग, निंजाचा. लाकडी बुरूज, सूर्य मावळतोय. निंजा सावलीत लपतो, जॅक पांढऱ्या कपड्यात उजेडात लपतो. पडद्यावर फक्त दोन रंग उरतात, काळा आणि पांढरा, त्यातला कुठला आकार माणूस आणि कुठला भिंत हे हालचाल झाल्यावरच कळतं. ऊन कमी होत जातं तसा पांढरा भाग कमी होतो, म्हणजे जॅककडे लपायला जागाच उरत नाही. शेवटचा किरण तो तलवारीच्या पात्यावर घेतो आणि निंजावर पाडतो. रेघ नसलेल्या चित्रशैलीशिवाय हे अशक्य होतं. शैली आणि कथा वेगळी काढता येत नाही, असं म्हणतात त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत शुद्ध उदाहरण.

---

उंबरठा

एक वेगळा धागा ओढतो. 'बर्थ ऑफ ईव्हिल' या दोन भागांच्या कथेत आकू कसा जन्मला ते येतं. विश्वात काळं काहीतरी पसरलेलं असतं आणि त्याच्याशी तीन देव लढतात: नॉर्स ओडिन, इजिप्तचा रा आणि आपल्याकडचा निळ्या वर्णाचा राम. त्यातला एक तुकडा पृथ्वीवर पडतो, तोच पुढे आकू. जॅकच्या वडिलांसाठी ती तलवारही हे तिघंच घडवतात. या कथेला २००४ चा एमी पुरस्कार मिळाला.

मुद्दा असा की ही मालिका जपानी नाही. मॉस्कोत जन्मलेल्या आणि लहानपणी अमेरिकेत गेलेल्या माणसाने जगभरच्या गोष्टींचे संकेत एकत्र आणलेत. पहिल्याच भागात लहान जॅकला शिकायला जगभर पाठवतात: अरबांकडे घोडेस्वारी, ग्रीकांकडे कुस्ती, इंग्लंडच्या जंगलात तिरंदाजी. पुढे पंचविसाव्या भागात स्पार्टाचे तीनशे, बावन्नाव्यात तो भुकेल्या बाळाला मोमोतारोची जपानी लोककथा सांगतो. प्रत्येक भागात कुठल्या तरी देशाच्या कथेत हा पाहुणा म्हणून जातो. भटकंती फक्त भूगोलातली नाही. हे सुट्या भागांच्या रचनेतच शक्य होतं, म्हणून मी पायवाट यांच्या बाजूने.

---

शेवंती

खारवडी, उंबरठा, वाचलं. आता माझी मुख्य बाजू.

९७ व्या भागात आशी, म्हणजे आकूच्याच मुलींपैकी वाचलेली एकटी, जॅकच्या शोधात निघते. वाटेत तिला जॅकने पूर्वी वाचवलेली माणसं, प्राणी भेटत जातात. ते तीन धनुर्धरही भेटतात! प्रत्येक जण सांगतो की तो आला होता आणि आमच्यासाठी थांबला होता. आपण ज्याला 'पाटी कोरी' म्हणत होतो ती कोरी नव्हती. तो विसरून पुढे गेला असेल, ते विसरले नव्हते. शेवटच्या लढाईत हेच सगळे त्याच्यासाठी उभे राहतात.

माजघर यांनी विचारलं की साखळी कशाने तुटली. आशीमुळे. ती त्याला मारायला आली होती, तरी तिच्याशी बोलायचं, तिला बदलण्याची संधी द्यायची, हे त्याने सोडलं नाही. तिच्यात आकूची शक्ती आहे आणि त्याच शक्तीने ती त्याला परत नेते. म्हणजे थांबण्याच्या सवयीमुळेच तो घरी पोचला. यापेक्षा योग्य शेवट कुठला?

---

पायवाट

शेवंती, ९७ वा भाग मला सगळ्या पर्वात सर्वांत आवडतो, आणि त्यामुळेच शेवट सहन होत नाही.

जॅक भूतकाळात जातो, आकूला मारतो. म्हणजे ते भविष्य घडलंच नाही. मग लग्नाच्या वेळी आशी विरून जाते, कारण आकू नाही तर तीही नाही. इथवर मालिका तर्काला धरून आहे. पण तोच तर्क बाकीच्यांना लावा. जॅकचा जुना दोस्त स्कॉट्समन, त्याच्या मुली, बोलणारे कुत्रे, जे त्याच भागात थोड्या वेळापूर्वी त्याच्यासाठी जिवावर उदार होऊन लढले, ते आपल्याला माहीत होते त्या रूपात कुणीच उरले नाहीत. आशीसाठी जॅक शोक करतो. त्या बाकीच्यांचं नावही निघत नाही.

५२ भाग हा माणूस एकच निवड करत होता: घर की समोरचा माणूस? दर वेळी समोरचा माणूस. शेवटच्या भागात पहिल्यांदा त्याने घर निवडलं आणि समोरची सगळी माणसं गेली. ही निवड आहे हे त्याला कळताना तरी दाखवायला हवं होतं. सातव्या भागात विहिरीपाशी तो थबकतो, तसा एक क्षण. २२ मिनिटांत लढाई, प्रवास, विजय, लग्न, वियोग सगळं कोंबलं, त्यात नेमका तोच क्षण निसटला.

---

शेवंती

पण त्याचं मूळ कामच ते होतं ना? आकूचं भविष्य घडू न देणं. पहिल्या भागापासून हेच ठरलेलं होतं, त्या जगात राहणाऱ्या लोकांनाही ते माहीत होतं. आकूखाली जन्मण्यापेक्षा त्याच्याशिवायच्या जगात वेगळ्या रूपाने जन्मणं बरं, असं त्यांतला कुणीही म्हणाला असता.

---

पायवाट

म्हणाला असता, खरं आहे. मला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. स्कॉट्समन ते नक्की बोलला असता, तेही अर्धा डझन शिव्या घालून.

---

माजघर

दोघांचंही वाचून मला असं वाटतं की शेवंतीताईंनी साखळी कशी तुटली ते सांगितलं आणि पायवाट यांनी ती तुटल्याची किंमत. विक्रमाच्या गोष्टीत राजा गप्प बसतो तेव्हा वेताळच त्याला पुढचा धोका सांगून सावध करतो. इतक्या फेऱ्यांत त्यांचं नातं तयार झालेलं असतं आणि कथा त्या नात्याला जागते. जॅकच्या शेवटात आशीखेरीज कुणाशी तसं जागणं झालं नाही, इतपत मी पायवाट यांच्याशी सहमत.

---

सोनसळी

धागा आवडला, वाचनखूण साठवली. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला दाखवायची इच्छा आहे. कुठून सुरुवात करू? पाचवं पर्व चालेल का?

---

कुंचला

सोनसळी, पाचवं पर्व इतक्यात नको. रक्त आहे, आत्महत्येचा विचारही येतो. तिची ती मोठी झाल्यावर बघेल.

सुरुवात पहिल्या तीन भागांनी करा, ती एकच कथा आहे. मग अकरावा, स्कॉट्समनचा. न संपणारा झुलता पूल, दोघं मधोमध समोरासमोर येतात आणि कुणीच मागे हटत नाही, मुलांना फार हसू येतं. मग तेरावा, आकूच्या परीकथांचा. सातवा थोडा उशिरा दाखवा आणि तेव्हा खोलीतला पंखा बंद करा, आवाज नीट ऐकू आले पाहिजेत.